शार्लटवरचं जेवण

चौकशीच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी उठायचं आणि सांगायचं, "कप्तान प्यायलेला होता, साहेब." हे वाक्य आता येणार, याचा कथबर्ट ऑर्डला आधीच वास लागायचा. बुडालेल्या जहाजांच्या चौकशीत सरकारतर्फे उभं राहायचं, हे त्याचं काम. त्यापायी इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या मुखापासून वरखालचा सगळा किनारा त्यानं पालथा घातला होता. वाळूत रुतलेल्या डोलकाठ्या पाहिल्या होत्या. चर्चच्या ओसरीत ओळीनं निजवलेली माणसं पाहिली होती, आणि चेहरे ओळखण्याजोगे उरले नाहीत म्हणून मोज्यांच्या विणीवरून नवरे ओळखणाऱ्या बायकाही पाहिल्या होत्या. कोर्टात मात्र दर वेळी एकच तमाशा. जहाजाचा मालक काळे हातमोजे चढवून यायचा, रुमाल डोळ्यांना लावायचा, दोष कप्तानावर ढकलायचा आणि विम्याचे पैसे घेऊन घरी जायचा. कप्तान तळाशी. तो काय उठून बोलणार?

ऑर्ड मुळातच तापट. बाप नदीवर होड्या बांधणारा सुतार, आई मासळी विकणारी, आणि घरात कोणाचाच आवाज कधी खाली नसे. वकील झाल्यावर त्यानं तो आवाज दाबायला शिकून घेतला होता. पण दाबलेला राग जात नाही. तो पोटात राहतो. डॉक्टरनं त्याला दूधपाव खायला सांगितलं होतं आणि त्यानं डॉक्टरला स्वतःचं काम बघायला सांगितलं होतं.

अठराशे बहात्तरच्या मार्चमध्ये 'इसाबेल' बुडाली. तीही गावाच्या डोळ्यांदेखत. कोळशानं भरलेलं जुनं लाकडी जहाज बंदराच्या तोंडातून बाहेर पडलं. वारा होता, पण वादळ म्हणावं असं काही नव्हतं. त्याच लाटांवर कोळ्यांच्या होड्या आरामात झुलत होत्या. इसाबेलनं नाक खाली घातलं, जरा थांबली, पुन्हा घातलं, आणि मग वर आलीच नाही. बचावाची होडी निघेपर्यंत पाण्यावर कोळशाची काळी साय तेवढी उरली होती. कप्तान टॉम पर्व्हिससकट एकही माणूस वाचला नाही.

मालक राल्फ स्टोबार्ट. गावातला मोठा माणूस, अनाथाश्रमाचा आश्रयदाता, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. आपल्या जहाजांना तो स्वतःच्या पोरींची नावं द्यायचा. इसाबेल बुडाली तेव्हा खरी इसाबेल पियानो शिकत होती.

चौकशी बसली. न्यायासनावर मॅजिस्ट्रेट लँग्डेल. याचा काचेचा कारखाना, आणि त्याच्या भट्ट्यांना कोळसा स्टोबार्टचा. शेजारी कोर्टाला समुद्राची माहिती द्यायला बसवलेले कप्तान व्हिटकम, पांढऱ्या मिशांचे, फारसे न बोलणारे म्हातारे. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टोबार्टचा धक्क्यावरचा मुकादम साक्षीला उभा राहिला.

"वाईट वाटतं सांगायला," मुकादम म्हणाला, "पण त्या सकाळी कप्तान पर्व्हिसच्या तोंडाला रमचा वास येत होता."

वरच्या सज्जातून एक बाई ताडकन उठली. "तुझ्या तोंडाला पैशाचा वास येतोय, मेल्या! माझ्या नवऱ्यानं वीस वर्षांत ग्लासाला हात लावला नाही. चहासुद्धा कोमट प्यायचा तो!"

ती हॅना पर्व्हिस होती. तिला बाहेर काढा, असं लँग्डेलनं फर्मावलं. दोन शिपायांनी धरून तिला जिन्यावरून खाली नेलं आणि ती जाताना प्रत्येक पायरीवर मुकादमाच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करत गेली.

संध्याकाळी ऑर्ड कोर्टाबाहेर आला तर ती पायऱ्यांवरच उभी. लहानपणी दोघं एकाच गल्लीत वाढलेली. त्या किनाऱ्यावर कथबर्टला लाडानं कड्डी म्हणतात. गाढवालाही कड्डीच म्हणतात.

"काय रे कड्डी," ती म्हणाली, "त्यानं टॉमला दारुडा ठरवलं तेव्हा तू काय करत होतास? पेनाला टोक काढत होतास?"

"हॅना, त्याची उलटतपासणी उद्या आहे. माझी पाळी उद्या येते."

"तुझी पाळी! टॉमची पाळी कधी येते? त्याला माहीत होतं रे, ती होडी म्हणजे चाळण आहे. स्टोबार्टनं सांगितलं, नेणार नसशील तर या नदीवर तुला पुन्हा जहाज मिळू देणार नाही. घरी चार तोंडं खायला. गेला बिचारा."

"हे तू शपथेवर सांगशील?"

"सांगेन. आणि तो लँग्डेल म्हणेल, बायकोच ती, असंच बोलणार. म्हणेल की नाही?"

लँग्डेल अगदी हेच म्हणाला असता.

"मग?" हॅनानं विचारलं. "तू कशाला आहेस तिथं? शोभेला?"

ती निघून गेली. ऑर्ड तिथंच उभा राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. खरी चीड तिच्या बोलण्याची नव्हतीच; त्यातला एक शब्दही त्याला खोडता येत नव्हता, याची होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोर्टाकडून मुदत मागून घेतली आणि तो तुरुंगात गेला. इसाबेलवर आधी दुसरेच खलाशी नेमलेले होते. त्यांनी धक्क्यावरच जहाज पाहून जायला नकार दिला आणि करार मोडला म्हणून याच लँग्डेलनं त्यांना आत टाकलं. कायदाच तसा होता. जहाज कुजकं असलं तरी सही केली की जायचं, नाहीतर तुरुंग. त्यांच्या जागी कप्तानानं मिळतील तशी माणसं गोळा केली, आणि ती आता समुद्राच्या तळाशी होती. नकार देणारे जिवंत होते ते तुरुंगात होते म्हणून.

त्यांच्यातला जेकब टिंडल भेटायला आला. रुंद खांद्यांचा, केस भादरलेला. समोर बसला आणि हसला.

"वकीलसाहेब, आम्ही धक्क्याला बांधलेलो. दोर पक्के, पाण्यात लाट नाही, आणि आम्ही रात्रंदिवस पंप मारतोय. थांबलो की जहाज खाली. असल्या जहाजातून लंडनला जायचं?"

"हे तू लँग्डेलसाहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हणाले, तू काय जहाजबांधणीतला तज्ज्ञ आहेस का? म्हटलं, नाही साहेब, पण मला पोहता येत नाही. त्यावर त्यांनी शिक्षा वाढवली." मग त्याचं हसू मावळलं. "टॉम पर्व्हिस चांगला माणूस होता हो. निघायच्या आधी आम्हाला तंबाखू पाठवून दिली त्यानं. म्हणाला, तुम्ही बरोबर केलंत."

ऑर्डनं टिंडलला शिपायांच्या पहाऱ्यात साक्षीला आणलं. तो जे तुरुंगात बोलला तेच कोर्टात बोलला. लँग्डेलनं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

"मिस्टर ऑर्ड," तो म्हणाला, "ज्याला मी स्वतः शिक्षा दिली त्याच्याच शब्दावर एका प्रतिष्ठित गृहस्थाला खोटं ठरवायचं?"

"तो तुरुंगात आहे म्हणून जिवंत आहे, साहेब. बाकीच्यांनी तुमचं ऐकलं."

 लँग्डेलचे कान लाल झाले. तेवढ्यात स्टोबार्ट उभा राहिला, जखमी संतासारखा चेहरा करून.

"न्यायमूर्ती महाराज, मला काही लपवायचं नाही. इसाबेलची जुळी बहीण शार्लट या घटकेला धक्क्याला उभी आहे. एकाच वर्षी, एकाच हातानं बांधलेली दोन जहाजं. कोळसा भरून झालाय, ती निघायच्या तयारीत आहे. आपण सगळ्यांनी स्वतः येऊन तिला पाहावं. आणि दुपारची वेळ आहे तर माझ्याकडे दोन घास घ्यावेत, एवढी विनंती."

"ही चौकशी आहे, मेजवानी नाही!" ऑर्ड ओरडला. "ज्याच्यावर आरोप आहे त्याचं मीठ खाऊन निवाडा द्यायचा?"

"आवाज खाली, मिस्टर ऑर्ड," लँग्डेल म्हणाला. "मला तर सूचना रास्त वाटते. उद्या दुपारी."

ऑर्डनं विरोध केल्याची नोंद करायला लावली, कागद गोळा केले आणि घरी जाऊन काहीही न खाता अंथरुणात पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. शार्लट नव्या नवरीसारखी नटलेली. कडांना ताजा काळा रंग, खिडक्यांना पांढरा, पितळ घासून लख्ख. जहाजावर चढायच्या फळीवर गालिचासुद्धा अंथरलेला. लँग्डेल कौतुकानं मान डोलावत वर चढला. ऑर्ड सगळ्यांच्या मागून निघाला, फळीवर पाय ठेवला आणि थबकला.

काहीतरी चुकत होतं. तो रोज सकाळी कोर्टात जाताना याच धक्क्यावरून चालत जायचा. रोज शार्लटवर पंपाची खडखड ऐकू यायची, आणि जहाजाच्या कुशीतून काळं पाणी नदीत पडत असायचं. इतकं रोजचं, की त्याचं कधी लक्षही गेलं नव्हतं. आज खडखड नव्हती. पंपाच्या दांड्यावर स्वच्छ ताडपत्री अंथरून बांधून टाकली होती, आणि पंप मारणारी माणसं धक्क्यावर एका बाजूला नव्या टोप्या घालून उभी केली होती.

साहेबलोकांच्या कानांना त्रास नको म्हणून स्टोबार्टनं पंप बंद ठेवला होता. तासाभराचा तर प्रश्न. जेवण होईल, हस्तांदोलन होईल, साहेब उतरतील आणि पंप पुन्हा सुरू.

ऑर्डच्या अंगातला राग एकाएकी थंड पडला. विझला नाही, लोखंड थंड पडतं तसा थंड पडला. तो फळी चढून वर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टोबार्टला हसून म्हणाला, "वा! जेवणाचा काय बेत आहे?"

मागच्या केबिनमध्ये टेबल मांडलं होतं. थंड मांसाचे काप, कबुतराचं मांस भरून भाजलेली पाई, लोणच्यातलं बीट, चीज, शेरी. कप्तान व्हिटकमनी खाली जाऊन तळ बघायचं म्हटलं, तर स्टोबार्ट म्हणाला, "आधी जेवून घ्या ना, कप्तान. गरम नाही, पण ताजं आहे." सगळे बसले. जहाजमालकांच्या घरचं पाणीही न पिणारा ऑर्ड ताट भरून घेऊन खायला लागला. बीट वाढून घेतलं, पाई दोनदा घेतली.

"मिस्टर ऑर्ड, तुम्हाला आवडलं म्हणायचं," लँग्डेल म्हणाला.

"अप्रतिम आहे. मिस्टर स्टोबार्ट, ही पाई घरची का?"

"माझ्या आचाऱ्याची."

"किती वर्षं आहे तो तुमच्याकडे?"

आचाऱ्यावरून गोष्ट लाकडावर गेली. जहाजाचं लाकूड कुठलं? बाल्टिकचं. ते आणताना कोण होतं? बांधताना कोण होतं? प्रत्येक उत्तरातून ऑर्ड नवा प्रश्न काढायचा, सावकाश, तोंडातला घास पूर्ण चावून. जेवण संपलं तेव्हा त्यानं चीज मागितलं. चीज संपलं तेव्हा त्याला अनाथाश्रमाबद्दल कुतूहल वाटू लागलं. लँग्डेल खूष झाला. हा भांडकुदळ वकील शेवटी माणसात आला, असं त्याला वाटलं. स्टोबार्ट मात्र हळूहळू उत्तरं आखडती घ्यायला लागला. दाराशी त्याचा मुकादम दोनदा डोकावून गेला, आणि दुसऱ्यांदा त्याचा चेहरा पांढरा दिसत होता.

"बरं तर, मंडळी," स्टोबार्ट उठत म्हणाला, "आता वर जाऊन मोकळी हवा..."

"बसा हो," ऑर्ड म्हणाला. "कोर्ट अजून बसलेलं आहे. माझे प्रश्न संपले नाहीत. हे जहाज घट्ट आहे ना?"

"घट्ट म्हणजे, बाटलीसारखं!"

"पाणी मुळीच येत नाही?"

"थेंब नाही."

"हे तुम्ही न्यायमूर्तींसमोर सांगताय."

"सांगतोय!"

टेबलावरचा बिटाचा वाडगा आपोआप सरकला. बोटभर. मग थांबला, मग आणखी बोटभर. कप्तान व्हिटकमची नजर वाडग्यावर गेली. त्यांनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. आले तेव्हा खाली असलेलं नदीचं पाणी आता चौकटीच्या जवळ चढलं होतं. मग त्यांनी ऑर्डकडे पाहिलं, चांगलं निरखून. ते अर्धवट उठले होते ते पुन्हा खाली बसले.

"मी आणखी थोडं चीज घेईन म्हणतो," व्हिटकम म्हणाले.

स्टोबार्टच्या कपाळावर घाम आला. वर दोर करकरायला लागले. मुकादम तिसऱ्यांदा आला, पण ऑर्डनं त्याला बोटानं बाहेर घालवलं. "कोर्ट चालू आहे, बाबा. मिस्टर स्टोबार्ट, हेच जहाज तुम्ही परवा माणसं भरून समुद्रात धाडणार होतात ना?"

"हो... पण आता जरा..."

"आणि इसाबेल अगदी अशीच होती. तुमचेच शब्द. जुळी बहीण."

तेवढ्यात शेरीची बाटली आडवी झाली आणि घरंगळत लँग्डेलच्या मांडीवर जाऊन पडली. लँग्डेल दचकून उभा राहिला आणि त्याला कळलं की उभं राहायचं तर भिंत धरावी लागतेय.

"हे काय चाललंय? जहाज कलतंय!"

"काही नाही साहेब," ऑर्ड म्हणाला. "स्वतः मालक सांगतात, थेंब नाही येत."

खालून कुठूनतरी मोठा गडगडाट झाला. कोळसा एका कुशीला ढळला होता. स्टोबार्टचा धीर सुटला. तो दाराकडे धावला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोंबलला, "पंप! अरे पंप मारा, हरामखोरांनो! बुडतंय!"

ताडपत्री फाडली गेली, नव्या टोप्या पाण्यात पडल्या. पंपाच्या तोंडातून काळं पाणी भसाभसा गालिचावर आलं. लँग्डेल गुडघ्यांवर रांगत फळीपाशी पोचला. ऑर्ड वाटेत उभा होता. आता त्यानं आवाज दाबला नाही.

"थांबा! कुठं निघालात? वारा नाही, लाट नाही, तीन दोरांनी किनाऱ्याला बांधलेलं आहे, आणि तुम्ही रांगताय? जेकब टिंडलला तुम्ही विचारलंत, तू तज्ज्ञ आहेस का? आता मी विचारतो, साहेब, तुम्ही आहात का? तुम्हाला कसं कळलं उतरायला हवं ते? टॉम पर्व्हिसला हे कळत नव्हतं? तो हे असलं लाकूड घेऊन उघड्या समुद्रात गेला, शुद्धीवर, कोमट चहा पिऊन, कारण हा माणूस त्याच्या पोरांच्या तोंडचा घास काढणार होता! आणि तुम्ही कोळसा घेता याच्याकडून!"

"बाजूला व्हा, ऑर्ड!" लँग्डेल रडकुंडीला आला होता.

"जाऊ द्या त्यांना," व्हिटकम मागून शांतपणे म्हणाले. "कोर्टानं पाहायचं ते पाहिलं."

निकाल आठवड्यानं लागला. कप्तान पर्व्हिस निर्दोष, इसाबेल समुद्रात जाण्याच्या लायकीची नव्हती. मालकाला? मालकाला ताशेरे. चौकशी कोर्टाला कप्तानाचा परवाना काढून घेता यायचा. मालकाकडे काढून घ्यायला परवानाच नसतो. स्टोबार्ट हातमोजे चढवून घरी गेला. विम्याचे पैसे मिळायचे ते मिळाले.

ऑर्ड निकाल सांगायला हॅनाकडे गेला. ती दारातच कपडे पिळत होती.

"म्हणजे त्याला तुरुंग नाही?"

"नाही."

"माझ्या टॉमला पाणी आणि त्याला ताशेरे. ताशेरे म्हणजे काय असतं रे, खोकल्याचं औषध?" तिनं चादर अशी पिळली की शिवण उसवली. "नाव साफ झालं म्हणतोस ते ठीक आहे. पोरं शाळेत मान वर करून जातील. पण मी तुझे आभार मानणार नाही. मला जमणार नाही."

"मागायला आलो नाही," ऑर्ड म्हणाला आणि तिच्या हातातलं चादरीचं दुसरं टोक धरून पिळू लागला.

तिथून तो लँग्डेलच्या घरी गेला. टिंडल आणि त्याच्या साथीदारांना सोडावं, असा अर्ज गृहखात्याकडे धाडा म्हणाला. लँग्डेलनं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "हरकत नाही. मग उद्याच्या पेपरात मी लिहितो, मॅजिस्ट्रेट धक्क्यावर कसे रांगले ते. चित्रासकट." अर्जावर तिथल्या तिथं सही झाली. महिन्याच्या आत सगळे खलाशी सुटले. पण लंडनहून ऑर्डलाही बोलावणं आलं. त्याच्या स्वतःच्या खात्यातल्या वरिष्ठानं त्याला खुर्ची दिली नाही.

"तुम्ही एका मॅजिस्ट्रेटला बुडवत होतात."

"किनाऱ्याला बांधून," ऑर्ड म्हणाला. "खलाशांना तेवढीही सवलत नसते."

त्याचं सरकारी काम त्या दिवसापासून बंद झालं. तो परत आला, दारावरची पाटी बदलली आणि जहाजावर जायला नकार देणाऱ्या खलाशांचे खटले घ्यायला लागला. हरायचा बहुतेक. पण कोर्टात उभा राहून जहाजाची एकेक कुजकी फळी लोकांपुढे मांडायचा, आणि ती बातमी नदीवरच्या प्रत्येक गुत्त्यात पोचायची.

उन्हाळ्यात त्याला कळलं की स्टोबार्टनं शार्लट विकली. नवा मालक, नवं नाव, दक्षिणेकडचं दुसरं बंदर. ऑर्डनं त्याच दिवशी गाडी पकडली. जहाजावर माणसं चढत होती. तो धक्क्यावरच्या एका पिंपावर उभा राहिला आणि त्या जेवणाची गोष्ट बोंबलून सांगू लागला, सगळी, बिटाच्या वाडग्यासकट. आधी खलाशी हसले. मग त्यांनी पंपाच्या आवाजाकडे कान दिला. मग एकेक जण बोचकं पाठीवर टाकून खाली उतरला. शेवटी कप्तानही उतरला.

खलाशांना फितवल्याबद्दल ऑर्डला तिथंच पकडलं. तिथल्या मॅजिस्ट्रेटनं विचारलं, दंड भरता का तुरुंगात जाता? ऑर्ड म्हणाला, असल्या गुन्ह्यासाठी मी एक पेनीही देणार नाही. त्याला आत टाकलं.

दुसऱ्या रविवारी हॅना पर्व्हिस एवढा प्रवास करून भेटायला आली. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी आणि उकडलेलं मांस जाळीखालून आत सरकवलं. मुद्रा तीच, भांडायला आल्यासारखी.

"बुडाली ती," ती म्हणाली. "धक्क्यालाच. कोणी पंप मारायला तयार होईना. गुरुवारी खाली बसली."

"आत कोणी होतं?"

"कोणी नव्हतं."

ऑर्डनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घालायला त्याला वेळ लागला. 

"किती जहाजं आहेत अशी?" हॅनानं विचारलं.

"नदीवर? पुष्कळ."

"मग खा," ती म्हणाली. "लवकर बाहेर यायचंय तुला."